वासंती मॅमचा फॉर्म

वासंती मॅमना कुणाचंही बोलणं सलग दोन मिनिटं ऐकता येत नसे, आणि त्यांचा व्यवसाय लोकांचं ऐकून घेण्याचा होता. समोरचा माणूस बोलायला लागला की आधी त्यांच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू यायचं, मग मान हलायला लागायची, मग ती जरा जास्तच वेगाने हलायची, आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्येच त्या म्हणायच्या, "देख बेटा, मी तुला सांगते." मग त्या सांगायच्या. बबिन्याला असताना काय झालं होतं, भटिंड्याला असताना शेजारच्या मेजरच्या बायकोला त्यांनी कसं सावरलं, जबलपूरला त्यांच्या एका वाक्याने कुणाचं लग्न कसं टिकलं. समोरचा आपलं दुखणं हातात धरून बसलेला असायचा आणि मॅम त्याला अर्ध्या हिंदुस्थानातल्या छावण्या फिरवून आणायच्या.

हे मला माहीत असण्याचं कारण म्हणजे त्यांची वेबसाइट मी केली. माझा नवरा हवाई दलात आहे. लग्नाआधी मी पुण्यात एका कंपनीत होते. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं म्हटल्यावर ती नोकरी सुटली आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइटी करायला लागले. चंदिगडला आलो त्या वर्षात मी मोहालीच्या एका दंतवैद्याची, दोन शाळांची आणि एका केकवाल्या बाईची वेबसाइट केली होती. या कामात माणूस फार लवकर कळतो. जगाला काय दाखवायचं आहे हे तो पहिल्या भेटीत सांगतो, आणि मग त्याच्या तोंडून त्याशिवाय दुसरं काही निघत नाही.

आमची ओळख झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवात. इथल्या मराठी बायकांचा एक गट आहे. निम्म्या फौजेतल्या, उरलेल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरणी आणि विद्यापीठातल्या मास्तरणी. त्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरच्या कोठीचं फाटक दिसत नव्हतं, तरी वासंती मॅमच्या घरी वीसपंचवीस जणी जमल्या. मॅम मूळच्या कराडच्या, पण तीस वर्षं कर्नलसाहेबांबरोबर फिरून त्यांची मराठी कराडची राहिली नव्हती आणि दुसऱ्या कुठल्या गावचीही झाली नव्हती. मी त्यांना सवयीने 'वासंतीताई' म्हटलं. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता हसून सांगितलं, "मॅम म्हण, बेटा. ताई म्हटलं की मला किराणा आणायला निघाल्यासारखं वाटतं."

तिळगुळाबरोबर वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीला एक वही दिली. वहीच्या मुखपृष्ठावर मॅमचा हसरा फोटो होता, खाली त्यांचं नाव, 'समुपदेशक आणि जीवनमार्गदर्शक' ही बिरुदं आणि फोन नंबर. आत प्रत्येक पानावर छापलं होतं, 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे'. हळदीकुंकवाच्या वाणात स्वतःची जाहिरात वाटणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. माझी वही पुढे धोब्याच्या हिशेबाला उपयोगी पडली. जाताना त्यांनी मला दारात थांबवलं. "तू वेबसाइटी करतेस ना? माझी करायची आहे. प्रॅक्टिस आता नेक्स्ट लेव्हलला न्यायची आहे." हे त्या शहराबाहेर मुल्लानपूरला घेतलेल्या प्लॉटकडे डोळे लावून बोलत होत्या. तिथे त्यांना पुढे मोठं केंद्र काढायचं होतं, कारंजं आणि बुद्धमूर्तीसह.

सध्याची प्रॅक्टिस घरातल्या पुढच्या खोलीत चालायची. पांढरा सोफा, काचेच्या वाडग्यात गुळगुळीत दगड, आणि भिंतीवर चौकटीत लावलेली तेरा प्रमाणपत्रं. एकदा त्या चहा आणायला आत गेल्या तेव्हा मी ती जवळ जाऊन वाचली. एक खरी पदविका होती, टपालाने शिकून घेतलेली. बाकीची शनिवार-रविवारच्या शिबिरांची होती, आणि खालच्या ओळीतलं एक अंबाल्याच्या छावणीत भरलेल्या पुष्परचना स्पर्धेतल्या दुसऱ्या क्रमांकाचं होतं. येणारं माणूस चौकटी मोजतं, वाचत कुणी नाही, हे मॅमनी बरोबर ओळखलं होतं.

आता हे सगळं लिहिताना माझा तोल जातो आहे हे मला कळतं. म्हणून त्यांच्या बाजूची एक गोष्ट सांगून टाकते. माझ्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा माझा नवरा बाहेरगावी होता. मॅम आठ दिवस रोज स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात आल्या, माझ्यासाठी मऊ खिचडी घेऊन. एक दिवसही चुकवला नाही. आणि त्या आठ दिवसांत माझ्या मुलाच्या प्लेटलेट्स किती आहेत, मी किती वेळा रडले आणि सासूबाईंनी फोनवर मला काय सुनावलं हे सगळ्या वसाहतीला रोजच्या रोज कळत होतं. खिचडी आणि बातमी, दोन्ही त्या एकाच डब्यातून ने-आण करायच्या. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटतच नसे. त्यांच्या लेखी ती माया होती.

तर वेबसाइट. मी माझ्या समजुतीप्रमाणे आधी मजकूर लिहिला. मनाच्या दुखण्यासाठी कुणी असं पान उघडतं तेव्हा ते बहुतेक दुपारी, घर रिकामं असताना, मनाचा हिय्या करून उघडतं. त्याला समुपदेशकाच्या हुशारीचं काही पडलेलं नसतं. मी आलो तर कुणाला कळेल का, पहिल्या दिवशी काय विचारतील, फी किती, आणि दुसरं कुणी बाहेर बसलेलं असेल का, एवढंच त्याला हवं असतं. मी तेवढंच साध्या भाषेत लिहिलं. दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवला जातो, त्यामुळे तुम्हाला कुणी भेटणार नाही, असंही लिहिलं. शेवटी आपल्या मनाने एक ओळ घातली, 'मराठीतही बोलता येईल.'

मॅमनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "बेटा, हे दवाखान्याच्या पाटीसारखं झालंय. यात मी कुठे आहे?" मग त्या चार पानं स्वतः लिहून घेऊन आल्या. पहिलंच वाक्य होतं, 'एका पराक्रमी अधिकाऱ्याची सहचारिणी म्हणून मी भारतभर मनं जोडत आले.' पुढे सगळ्या छावण्यांची नावं क्रमाने. फी लिहायची नाही, ते हलकं दिसतं. पत्ता पूर्ण द्यायचा नाही, त्याने उत्सुकता राहते. माझ्या मजकुरातली सगळी वाक्यं गेली. फक्त ती मराठीची ओळ पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, त्यांच्या नजरेतून सुटली म्हणून राहिली.

फोटोचा दिवस मी कधी विसरणार नाही. मॅमना सुखना तळ्याच्या काठावर, शाल पांघरून, कुणाचं तरी ऐकत असल्याचा फोटो हवा होता. ऐकणारी त्यांची मुद्रा हीच साइटची ओळख व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. हरप्रीत नावाचा फोटोग्राफर मी ठरवला होता, मितभाषी आणि कामाचा माणूस. समोर बोलणारी म्हणून मला बसवलं. हरप्रीत म्हणाला, "मैडम जी, बस आप सुनो." मी बोलायला लागले. काय बोलायचं सुचेना म्हणून खरंच बोलले, की नोकरी सुटल्यापासून मला कधीकधी आपण कुणीच नाही असं वाटतं. कॅमेरा टिकटिक करत होता. दुसऱ्या वाक्याला मॅमचा हात वर गेला, तिसऱ्याला तोंड उघडलं. हरप्रीतने कॅमेरा खाली घेतला. "मैडम जी, मुँह बंद रखके सुनो. थोड़ा सा." पुन्हा तेच. दीड तासात त्याने दीडदोनशे फोटो काढले असतील आणि त्यातल्या प्रत्येकात मॅम बोलत होत्या. शेवटी त्या पाण्यावरच्या बदकांकडे बघत असताना त्याने गुपचूप एक काढला. साइटवर तोच लागला. खाली त्यांनी लिहायला लावलं, 'तुमचा प्रत्येक शब्द मोलाचा आहे.'

साइट सुरू झाल्यावर रोज सकाळी सव्वाआठला मॅमचा फोन यायचा, "आज किती लोक आले?" मी आकडा बघून सांगायची. त्यातले बहुतेक त्या स्वतः असायच्या. आपलं पान त्या दिवसातून पंधरावीस वेळा उघडून बघत. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "पण बाकीचे तर असतील ना."

मग आला फॉर्म. भेटीची वेळ ठरवायला साइटवर एक फॉर्म हवा होता. मी नाव, फोन आणि सोयीची वेळ एवढंच ठेवलं होतं. मॅमनी कपाटातून एक जुना छापील फौजी फॉर्म काढून माझ्यापुढे टाकला. "फॉर्म म्हणजे असा." अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, युनिट, अर्जदाराशी नातं, अधिकाऱ्याचा मोबाइल. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने भेटीचं कारण वाढवलं होतं, निवडायला पर्याय देऊन: वैवाहिक ताण, सासर, मुलांचा अभ्यास, वजन, इतर.

"मॅम, ज्या बाईला तुमच्याशी बोलायचंय तिच्या नवऱ्याचा नंबर कशाला?"

"अगं, बायकांचे नंबर दर पोस्टिंगला बदलतात. नवऱ्याचा पक्का असतो. आणि कोण आहे, कुठल्या रँकची आहे, हे आधी कळलं तर मला अंदाज येतो ना."

"कसला अंदाज?"

"बेटा, तू नवीन आहेस," त्या म्हणाल्या. खरं तर मला फौजेत नऊ वर्षं झाली होती.

मी अजून थोडी भांडले. मग कंटाळले. त्यांनी 'फोन' या रकान्यापुढे कंसात 'अधिकारी किंवा स्वतः' असं लिहायला मान्यता दिली आणि मी ते आपला विजय समजून काम पुरं केलं. फौजी बायकांचा हात फॉर्मवर कसा चालतो हे मला माहीत असायला हवं होतं, कारण माझाही तसाच चालतो. शाळा, कँटीनचं कार्ड, गॅस, हॉस्पिटल, कुठलाही कागद पुढे आला आणि त्यात फोनचा रकाना दिसला की आपण विचार न करता नवऱ्याचा नंबर लिहितो. स्वतःचा नंबर आठवायला क्षणभर थांबावं लागतं. मॅमचा तो फॉर्म अधिकाऱ्याच्या नावाने सुरू होत होता. तिथून पुढे कुठली बाई स्वतःचा नंबर घालणार होती?

दोनतीन महिन्यांनी मॅमनी तक्रार केली की लोक एकदोनदा येतात आणि पुढची भेट विसरतात. लोक विसरत नव्हते, ते पळून जात होते. मॅमना ते कळणं शक्य नव्हतं. त्यांना आदल्या दिवशी आपोआप जाणारा आठवणीचा मेसेज हवा होता, त्यात भेटीचं कारणसुद्धा, म्हणजे म्हणे माणूस मनाची तयारी करून येतो. मी म्हटलं, कारण नको घालायला. त्या म्हणाल्या, "तू टेक्निकल बघ, सायकॉलॉजी माझ्यावर सोड." मी टेक्निकल बघितलं. अर्ध्या तासाचं काम होतं. ते माझ्या हातून झालं ही गोष्ट मी कुणावर ढकलू शकत नाही.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये मधुरा राहायची. मूळची इस्लामपूरची, इंजिनिअर झालेली, लग्नाला दोन वर्षं. नवरा फ्लाइट लेफ्टनंट. जिन्यात भेटली की हसायची, त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधल्या एका सकाळी ती माझ्याकडे आली. हातात माझाच एक डबा होता, कधीतरी कुणाच्या वाढदिवसाला तिच्याकडे गेलेला. डबा टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"ताई, वासंती मॅमची वेबसाइट तुम्हीच केलीय ना?"

"हो."

"त्यातनं माझं नाव काढता येतं का?"

मी तिला बसवलं. मग एकदम बोलायला लागली आणि थांबली नाही, आणि तिला मध्ये न तोडण्यासाठी मला काही विशेष करावं लागलं नाही, नुसतं गप्प बसायचं होतं. तिला आयटी पार्कमधल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. चांगली, तिच्या शिक्षणाची. त्याच सुमाराला नवऱ्याची आसामला बदली आली. तिच्या मनात होतं की वर्षभर इथेच राहावं, मोहालीत खोली घ्यावी, नोकरी करावी. नवऱ्याला हे कसं सांगायचं, मुळात आपल्याला हे खरंच हवंय की नुसता राग आहे, एवढंच तिला कुणाशी तरी बोलून बघायचं होतं. कंपनीला उत्तर द्यायला तिच्याकडे तीन आठवडे होते.

"हिंदीत मला हे बोलता येईना," ती म्हणाली. "त्यांच्या पानावर खाली लिहिलं होतं, मराठीत बोलता येईल. ते बघून गेले."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ती दोनदा गेली. दोन्ही वेळा खूप रडली. मॅम मध्येमध्ये बबिन्याच्या गोष्टी सांगायच्या, पण निदान कुणासमोर तरी बोलायला मिळतं म्हणून तिसरी वेळ ठरवली. मी त्याच आठवड्यात सुरू केलेला आठवणीचा मेसेज त्या तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी गेला: उद्या अकरा वाजता आपली भेट, कारण वैवाहिक ताण. तो गेला तिच्या नवऱ्याच्या फोनवर, कारण फॉर्ममध्ये तिने त्याचाच नंबर घातला होता. का घातला ते तिला सांगता येत नव्हतं. "हात तसाच गेला, ताई."

नवरा वाईट नव्हता. आरडाओरडा त्याने केला नाही. तो बायकोला काही न विचारता दुसऱ्या दिवशी दहालाच, तिच्या आधी, मॅमच्या दारात जाऊन उभा राहिला. एखाद्या समुपदेशकाने त्याला नमस्कार करून परत पाठवलं असतं. वासंती मॅमना तरणाबांड अधिकारी आपल्या सोफ्यावर बघून इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला, कर्नलसाहेबांना बाहेर बोलावून ओळख करून दिली, आणि मग पाऊण तास त्याला सगळं सांगितलं. नोकरीचं सांगितलं, मोहालीतल्या खोलीचं सांगितलं, मधुरा कधी काय म्हणून रडली तेही सांगितलं. मधुरा अकरा वाजता पोचली तेव्हा दोघे हसत होते. मॅम तिला म्हणाल्या, "ये बेटा, मी सगळं सोपं करून ठेवलंय."

त्या रात्री तिच्या नवऱ्याने इस्लामपूरला फोन केला. चार दिवसांत आईवडील आले. मग ती गोष्ट तिची राहिली नाही, ती सगळ्यांची झाली. आई म्हणाली, संसाराला सुरुवात नाही तोवर वेगळं राहायची भाषा. नवरा म्हणाला, "तुला हवं होतं तर मला सांगायचंस, बाहेर जाऊन कशाला." कंपनीला तिने नकार कळवला होता. कळवून झाल्यावरच ती माझ्याकडे आली होती.

मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडला. तिची नोंद शोधली, खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही, आणि पुसून टाकली. तिने वाकून बघितलं.

"झालं?"

"झालं."

"कुठंच राहिलं नाही ना आता?"

"नाही," मी म्हटलं.

ती गेली आणि दुपारी मॅमचा मेसेज आला. साइटवर टाकायला एक परिच्छेद पाठवला होता: एका तरुण वैमानिकाचं तुटत चाललेलं घर वासंती मॅमच्या मध्यस्थीने पुन्हा कसं उभं राहिलं. नाव नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात आसामला चाललेलं, लग्नाला दोन वर्षं झालेलं मराठी जोडपं आमच्या वसाहतीत एकच होतं, आणि मॅमनी ते तिन्ही तपशील प्रेमाने लिहिले होते.

मी तशीच गाडी काढून त्यांच्याकडे गेले. आयुष्यात मी मोठ्या माणसांशी फारसं भांडलेले नाही, पण त्या दिवशी भांडले. मॅमना मी का चिडले आहे हेच कळेना, आणि हे नाटक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"पण निकाल बघ ना," त्या म्हणाल्या. "नवराबायको समोरासमोर आले. मुलगी नवऱ्याबरोबर चालली आहे. याहून काय पाहिजे?"

"ती तुमच्याशी बोलायला आली होती, मॅम. त्याला सांगायचं की नाही हे ती ठरवणार होती."

"देख बेटा, मी तुला सांगते. फौजेत नवराबायकोत गुपित नसतं. अफसरला अंधारात ठेवायचं आणि त्याच्या बायकोला माझ्या घरी बसवायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही."

"मग साइटवर तसं लिहा. इथे बोललेलं नवऱ्याला सांगितलं जाईल, असं."

यावर त्या खरोखर विचारात पडल्या. मला क्षणभर वाटलं, काहीतरी आत गेलं. मग त्या म्हणाल्या, "ते मार्केटिंगच्या दृष्टीने बरं दिसणार नाही."

कर्नलसाहेब शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पान उलटल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मला त्या घरातल्या दोन्ही माणसांचा, त्या पांढऱ्या सोफ्याचा आणि चौकटीतल्या पुष्परचनेचा मनापासून तिटकारा आला. दुसऱ्याचं दुःख हे आपल्या मोठेपणाला लागणारं सामान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुणाला धरून मारलं नाही म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. हे मी त्यांना तिथे सांगू शकले नाही. सांगायला लागले असते तर तिसऱ्या वाक्याला त्यांनी तोडलंच असतं.

तो परिच्छेद मी टाकला नाही. आठवणीचा मेसेज बंद केला. अधिकाऱ्याचे सगळे रकाने काढून फक्त 'तुमचा स्वतःचा नंबर' ठेवला आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जो फोन फक्त तुमच्याच हातात असतो तो'. मॅमनी दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फोन करून जुना फॉर्म परत मागितला. मी सांगितलं, नव्या सिस्टिममध्ये तसं होत नाही. साफ खोटं होतं. त्या म्हणाल्या, "अच्छा, सिस्टिमच तशी आहे का," आणि गप्प झाल्या. सिस्टिम हा शब्द ऐकला की त्या कायम अशाच गप्प व्हायच्या. मला ही युक्ती फॉर्म करतानाच सुचली असती तर मधुरा आज कदाचित आयटी पार्कमध्ये असती.

मे महिन्यात मधुरा आणि तिचा नवरा आसामला गेले. सामानाचा ट्रक भरत असताना ती खाली उभी होती. मी हात केला, तिनेही केला.

जूनमध्ये आमचीही बदली आली. मॅमना मोहालीत एक नवा वेबसाइटवाला मिळाला होता, त्याला सगळे पासवर्ड द्यायचे होते म्हणून मी एका सकाळी शेवटची त्यांच्याकडे गेले. त्या छान मूडमध्ये होत्या. मुल्लानपूरच्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली होती. मी पासवर्ड लिहिलेला कागद दिला. त्या म्हणाल्या, "थांब, फाइलला लावून ठेवते," आणि कपाटातून एक जाडजूड फाइल काढून मांडीवर घेतली.

फाइलमध्ये साइटवर आलेले सगळे फॉर्म होते. एक न् एक, छापून, भोकं पाडून, ओळीने लावलेले. कडेला रंगीत चिठ्ठ्या होत्या आणि त्यांवर मॅमच्या टपोऱ्या अक्षरात हुद्दे: कर्नल, विंग कमांडर, मेजर, स्क्वाड्रन लीडर, खाली खाली उतरत.

"हे तुम्ही छापून ठेवता?"

"पहिल्या दिवसापासून. कॉम्प्युटरचा काय भरोसा, बेटा. उद्या उडालं तर?"

मी त्या मुलीला तोंडावर सांगितलं होतं, कुठंच राहिलं नाही. मी म्हटलं, "मॅम, यातला मधुराचा कागद मला द्या."

"कोण मधुरा?"

मला आधी वाटलं, आठवत नसल्याचं सोंग करताहेत. पण त्या प्रामाणिकपणे माझ्याकडे बघत होत्या.

"इस्लामपूरची. बारीक, उंच. तीन वेळा आली होती तुमच्याकडे. आयटी पार्कमधली नोकरी."

त्यांनी कपाळाला आठी घातली. सोफ्याकडे बघितलं, जणू तिथे बसलेली माणसं एकेक करून आठवत होत्या. त्याच सोफ्यावर ती मुलगी त्यांच्यासमोर बसून रडली होती. तिच्यावर त्यांनी परिच्छेद लिहिला होता. नाही, आठवत नव्हतं.

"असं नाही लक्षात येत गं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव सांग ना."

मी सांगितलं. वासंती मॅमनी बोट जिभेला लावलं आणि पहिल्याच फटक्यात बरोबर तो कागद काढून माझ्या हातात दिला.